हवाई केबलींच्या आवरणांचे सूर्यप्रकाशापासून संरक्षण

खांबांवरून उघड्यावर नेलेल्या संदेशवाहक केबलींच्या बाह्य आवरणाचा सूर्यप्रकाश, उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे ऱ्हास होतो. तो थोपविण्यासाठी योजलेल्या उपायांचा इतिहास सु. पावणेदोनशे वर्षांचा आहे. तारायंत्राची तार, टेलिफोनची तांब्याची तार आणि काचेचा प्रकाशीय तंतू ही संदेशाची वाहने एकामागून एक बदलत गेली; परंतु यांपैकी कोणत्याही वाहनाला सूर्यप्रकाशाचा प्रत्यक्ष उपद्रव फारसा होत नाही. उपद्रव होतो तो त्यावरील आवरणाला, आणि आवरण निकामी झाले की आतील वाहनाचे आयुष्यही संपुष्टात येते.

गटापर्चाचा अनुभव : मलाया द्वीपकल्पातील वृक्षांच्या चिकापासून मिळणारा गटापर्चा हा पदार्थ विल्यम माँटगोमरी यांनी १८४३ मध्ये इंग्लंडमधील शास्त्रज्ञांच्या नजरेस आणला. तो गरम पाण्यात मऊ होतो, थंड झाल्यावर घट्ट होतो आणि उत्तम विद्युत् निरोधक आहे. त्यामुळे समुद्रातील तारायंत्र केबलींसाठी तो सर्वत्र वापरात आला. डोव्हर व कॅले यांना जोडणारी १८५१ मधील केबल आणि मुंबई-एडन-सुएझ ही १८७० मधील केबल यांत गटापर्चाच होता. समुद्रतळाशी प्रकाश नसतो व तापमान कमी असते. तेथे हा पदार्थ अनेक दशके टिकला.

जमिनीवर मात्र वेगळा अनुभव आला. भारतातील तारायंत्र-मार्गांवर जेथे गटापर्चा उघड्या हवेत वापरला गेला, तेथे तो थोड्याच काळात ठिसूळ होऊन तडकू लागला. आउगुस्ट व्हिल्हेल्म होफमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी अशा नमुन्यांचे परीक्षण करून १८६१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गटापर्चा ऑक्सिजन शोषून घेतो व त्याचे राळेसारख्या ठिसूळ पदार्थात रूपांतर होते, असे त्यांना दिसून आले. बहुवारिकांच्या (अनेक लहान रेणू जोडले जाऊन बनलेल्या प्रचंड रेणूंच्या पदार्थांच्या) ऱ्हासाविषयीच्या अगदी आरंभीच्या अभ्यासांत याची गणना होते. त्या काळी या अडचणीवर व्यावहारिक तोडगा होता तो आवरण टाळण्याचा. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली १८५० नंतरच्या दशकात भारतात उभारलेले लांब पल्ल्याचे मार्ग मुख्यतः खांबांवरील उघड्या लोखंडी तारांचेच होते.

शिशाचा काळ : टेलिफोनच्या प्रसारानंतर एकाच मार्गावरून शेकडो तारा नेण्याची गरज भासू लागली व उघड्या तारांची पद्धत शहरांत अपुरी पडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कागदाने वेष्टिलेल्या तारांच्या जुडीवर शिशाची अखंड नळी चढविण्याची पद्धत रूढ झाली. शिसे प्रकाशाने कुजत नाही. तथापि सूर्याने त्यालाही वेगळ्या मार्गाने गाठले. तापमान ३०° से. ने वाढल्यास १०० मी. लांबीची शिशाची नळी सु. ८·७ सेंमी. ने लांबते, तर तिला आधार देणारी पोलादी तार केवळ सु. ३·६ सेंमी. ने लांबते. रोजच्या या असमान ताणाबाकामुळे शिसे शिणून त्याला बारीक चिरा पडत, त्यांतून पावसाचे पाणी शिरे आणि कागद भिजून मार्ग बंद पडे. शिशात कथिल वा अँटिमनी मिसळल्याने चिरा कमी झाल्या, तरी हा दोष पूर्णपणे गेला नाही. शिवाय आवरणाचे वजन खांबांना जड होत असे.

पॉलिएथिलीन व काजळी : इंग्लंडमधील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीच्या प्रयोगशाळेत आर. ओ. गिब्सन व ई. डब्ल्यू. फॉसेट यांना १९३३ मध्ये पॉलिएथिलीन हा पदार्थ मिळाला. दुसऱ्या महायुद्धात तो रडार यंत्रणेच्या केबलींत उपयोगी पडला. युद्धानंतर शिशाच्या टंचाईमुळे अमेरिकेत १९४७ पासून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा व त्यावर पॉलिएथिलीन असे आवरण असलेल्या टेलिफोन केबली प्रचारात आल्या.

पॉलिएथिलीन हलके, चिवट व जलरोधक आहे. परंतु काहीही न मिसळलेले पॉलिएथिलीन उन्हात थोड्याच वर्षांत तडकते. पृथ्वीच्या पृष्ठभागावर पोहोचणाऱ्या सूर्यप्रकाशात सु. ३०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) तरंगलांबीपर्यंतचे जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) किरण असतात. त्यांची ऊर्जा कार्बन-कार्बन बंध तोडण्यास पुरेशी असते. शुद्ध पॉलिएथिलीन हे किरण शोषीत नाही. मात्र निर्मितीच्या वेळी व तप्त स्थितीत केबलीवर चढविताना त्यात अल्प प्रमाणात शिरलेले ऑक्सिजनयुक्त गट ते शोषतात. त्यातून मुक्त मूलके (अयुग्मित इलेक्ट्रॉन असलेले अतिशय विक्रियाशील रेणुखंड) निर्माण होतात. ती ऑक्सिजनाशी संयोग पावून नवी मूलके उत्पन्न करतात व विक्रिया साखळीसारखी पुढे चालू राहते. लांब रेणू तुटून आखूड होतात, पृष्ठभाग निस्तेज होतो व अखेरीस त्याला भेगा पडतात. होफमान यांनी गटापर्चात पाहिलेलाच हा प्रकार होता.

उपाय अगदी साधा निघाला. बेल टेलिफोन प्रयोगशाळांतील व्ही. टी. वॉल्डर व त्यांचे सहकारी यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने सूक्ष्म काजळीचे महत्त्व प्रस्थापित केले. वजनी सु. २ ते ३ टक्के काजळी एकजीव मिसळली, तर जंबुपार किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरातच शोषले जातात व आतील भाग सुरक्षित राहतो. याकरिता काजळीचे कण सु. २० नॅनोमीटर इतके बारीक असावे लागतात. कण मोठे असले किंवा त्यांचे गोळे राहिले, तर मधल्या मोकळ्या जागांतून किरण आत शिरतात.

काळे आवरण उन्हात अधिक तापते व उष्णतेने ऑक्सिडीकरणास गती मिळते. त्यावर प्रति-ऑक्सिडीकारक द्रव्ये घालण्यात येत. परंतु काजळीच्या सान्निध्यात नेहमीच्या द्रव्यांचा प्रभाव घटतो असे आढळले. वॉल्टर लिंकन हॉकिन्स, व्हिन्सेंट लँझा व त्यांचे सहकारी यांनी १९५० नंतरच्या दशकात काजळीबरोबर परिणामकारक ठरणारी गंधकयुक्त संयुगे शोधून काढली. प्रकाश व उष्णता या दोहोंना तोंड देणारे आवरण त्यामुळे शक्य झाले. या कार्यासाठी हॉकिन्स यांना १९९२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविद्या पदक मिळाले.

प्रकाशीय तंतूंच्या केबली : चार्ल्स काओ व जी. ए. हॉकम यांनी १९६६ मध्ये काचतंतूतून दूरसंदेशवहनाची शक्यता दाखवून दिली व १९७० मध्ये कॉर्निंग या अमेरिकन कंपनीत पुरेसा पारदर्शक तंतू तयार झाला. भारतात स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी प्रकाशीय तंतू प्रथम १९७९ मध्ये पुणे येथे वापरण्यात आले.

तंतूची काच सूर्यप्रकाशाने बिघडत नाही. असे असूनही हवाई तंतुकेबलीचे आवरण तांब्याच्या केबलीपेक्षा कमी महत्त्वाचे ठरत नाही. आवरणाला चीर पडून पाणी आत गेले, तर ताणाखाली असलेल्या काचेतील अतिसूक्ष्म भेगा वाढत जातात व तंतू तुटू शकतो. दोन खांबांमधील ताण स्वतःच पेलणाऱ्या अविद्युत् वाहक केबलींत अरामिड धाग्यांचा थर असतो. हे धागे अतिशय बळकट असले, तरी जंबुपार किरणांनी त्यांचे बळ घटते. म्हणजे केबलीचा भार वाहणारा घटकच आवरणाच्या आश्रयाने टिकतो. उच्च दाबाच्या वीजवाहिन्यांजवळ अशा केबलीच्या ओल्या पृष्ठभागावर कोरडे पट्टे निर्माण होऊन त्यांवर ठिणग्या पडतात. तेथे प्रकाशरोधकतेबरोबर विद्युत् क्षरणास विरोध करणारे खास आवरण वापरावे लागते. रंगीत आवरण हवे असल्यास काजळीऐवजी टिटॅनियम डाय-ऑक्साइड व १९७० नंतरच्या दशकात प्रचारात आलेली अमाइन वर्गातील प्रकाश-स्थिरकारके वापरतात. तथापि दीर्घ मुदतीच्या उघड्या मार्गांसाठी काळे आवरणच पसंत केले जाते.

परीक्षण व सद्यःस्थिती : आवरण काळे दिसणे हा ते टिकाऊ असल्याचा पुरावा नव्हे; केवळ रंगद्रव्यानेही काळेपणा येतो. म्हणून नमुना नायट्रोजनाच्या वातावरणात तापवून बहुवारिकाचे अपघटन करतात व उरलेल्या काजळीचे वजन करतात. काजळी सर्वत्र सारखी पसरली आहे की नाही, हे सूक्ष्मदर्शकाने पाहतात. झेनॉन दिव्याच्या प्रखर प्रकाशात व फवाऱ्याखाली नमुने ठेवून ऱ्हासाची त्वरित चाचणीही घेतात. प्रत्यक्ष मार्गावर केबलीखेरीज इतर भागांकडेही लक्ष द्यावे लागते. काजळी नसलेले पांढरे नायलॉनचे बंध उन्हात आधी तुटतात आणि जोडपेटीबाहेर उघड्या राहिलेल्या आतील नळ्यांना बाह्य आवरणाचे संरक्षण नसते.

आंध्र प्रदेशात २०१७ मध्ये व केरळात २०२३ मध्ये सुरू झालेल्या राज्यव्यापी जाळ्यांत तंतुकेबली मोठ्या प्रमाणावर विजेच्या खांबांवरून नेलेल्या आहेत. खोदाई वाचल्यामुळे असे मार्ग लवकर व कमी खर्चात उभे राहतात. परंतु उष्ण कटिबंधातील प्रखर ऊन वर्षाचा बहुतेक काळ त्यांवर पडत असते. आवरणाचा ऱ्हास दुरून दिसत नाही व अनेक वर्षांनी तो एकाच वेळी मैलोगणती प्रकट होऊ शकतो. काचतंतूची क्षमता त्याच्या टोकांची उपकरणे बदलून पुढेही वाढविता येते. आवरण मात्र केबलीसकटच बदलावे लागते. त्यामुळे अशा मार्गाचे आयुष्य तंतूपेक्षा आवरणातील दोन-तीन टक्के काजळीच्या दर्जावर अधिक अवलंबून राहते.