भिरभिऱ्याचा धडा : ऑटोजायरो ते नाशिकरोड

१/ नांदगाव परिसरातील जत्रांत कागदी भिरभिरे हमखास विकायला असते. त्याला ना चावी, ना बॅटरी; मूल धावू लागले की समोरचा वारा त्याला फिरवतो. याच तत्त्वावर माणसाने एक विमान उडवले. त्याचे नाव ऑटोजायरो, म्हणजेच आजचे जायरोप्लेन. त्याने शिकवलेला एक धडा नांदगावच्याच जिल्ह्यात, नाशिकरोडला, आजही गिरवला जातो.

२/ कथेचा आरंभ १९१९ सालच्या स्पेनमधला. हुआन दे ला सिएर्वा या तरुण अभियंत्याने तीन इंजिनांचे बॉम्बफेकी विमान बांधले. चाचणीत त्याचा वेग घटला आणि ते कोसळले. वेग मर्यादेखाली गेला की स्थिर पंखांची उचल नाहीशी होते. सिएर्वाने विचार केला : विमान मंदावले तरी पंख स्वतः फिरत राहिले तर?

३/ ऑटोजायरोत इंजिन केवळ प्रोपेलर फिरवते व यंत्राला पुढे नेते. डोक्यावरच्या रोटरला उड्डाणात इंजिनाचा आधार नसतो. हवा पात्यांतून खालून वर वाहते, पाती फिरत राहतात आणि उचल देतात. हेलिकॉप्टरमध्ये याउलट इंजिनच रोटर फिरवते व हवा खाली ढकलते.

४/ पहिले तीन नमुने फसले. एका बाजूचे पाते वाऱ्याला सामोरे जाई, दुसऱ्या बाजूचे पाठमोरे. दोन्हीकडची उचल असमान होऊन यंत्र कुशीवर कलंडे. सिएर्वाने पाती मुळाशी बिजागरीने जोडली. आता जास्त उचल मिळणारे पाते वर उचलले जाई आणि तोल आपोआप साधला जाई. आजच्या अनेक हेलिकॉप्टरांच्या रोटरमध्ये हीच कल्पना आहे.

५/ जानेवारी १९२३. माद्रिदजवळील गेताफे येथे अलेहांद्रो गोमेस स्पेन्सर याने 'सी-४' यशस्वीपणे उडवले. त्याच महिन्यातील एका उड्डाणात जमिनीपासून थोड्याच उंचीवर इंजिन बंद पडले. साधे विमान तेथे आपटले असते; सी-४ मात्र अलगद खाली टेकले.

६/ १८ सप्टेंबर १९२८ रोजी सिएर्वाने ऑटोजायरोतून इंग्लिश खाडी ओलांडली. १९३२ मध्ये लंडनजवळ हॅनवर्थ येथे ऑटोजायरो शिकवणारी शाळा निघाली. जायरोप्लेनच्या शिकाऊ वैमानिकाला तेव्हापासून आजतागायत एक गोष्ट जपावी लागते : रोटरमधून वारा वाहता ठेवणे. दांडी एकाएकी पुढे लोटली तर पात्यांवरचा भार जातो, ती मंदावतात आणि मग सावरायला अवधी उरत नाही.

७/ नियतीचा खेळ असा की, विमान कोसळू नये म्हणून आयुष्य वेचणारा सिएर्वा ९ डिसेंबर १९३६ रोजी क्रॉयडनहून धुक्यात निघालेल्या प्रवासी विमानाच्या अपघातात मृत्यू पावला. वय अवघे ४१. ते विमान स्थिर पंखांचे होते.

८/ दरम्यान ब्रिटिश हवाई दलाने ऑटोजायरो भूदलाशी सहकार्याच्या प्रशिक्षणासाठी घेतले होते. तोफगोळे कोठे पडतात हे आकाशातून पाहणे हा अशा सहकार्याचा मोठा भाग. दुसऱ्या महायुद्धात हे काम मुख्यतः ऑस्टरसारख्या हलक्या विमानांकडे गेले आणि ती तोफखान्याचेच अधिकारी उडवू लागले. फाळणीनंतर ही परंपरा भारतीय तोफखान्याकडे आली. त्या तोफखान्याचे विद्यापीठ म्हणजे नाशिकजवळचे देवळाली.

९/ हलक्या विमानांची जागा पुढे हेलिकॉप्टरांनी घेतली. १ नोव्हेंबर १९८६ रोजी लष्कराचे स्वतंत्र हवाई दल, 'आर्मी एव्हिएशन कोअर', उभे राहिले. २००३ मध्ये त्याची वैमानिक प्रशिक्षण शाळा नाशिकरोडला, गांधीनगर विमानतळावर सुरू झाली.

१०/ हेलिकॉप्टर शिकणाऱ्या प्रत्येकाला इंजिनाविना उतरणे शिकावेच लागते. इंजिन थांबताच डाव्या हाताचा दांडा खाली घेऊन पात्यांचा कोन कमी करायचा. खालून येणारा वारा रोटर फिरता ठेवतो. जमिनीजवळ नाक वर घेऊन वेग मारायचा आणि पात्यांत साठलेली गती शेवटच्या क्षणी खर्च करून टेकायचे. याला ऑटोरोटेशन म्हणतात. त्या काही क्षणांपुरते हेलिकॉप्टर पुन्हा ऑटोजायरो होते.

११/ हे तंत्र किती उंचीवरून तारते? २१ जून १९७२ रोजी फ्रान्सच्या जाँ बुले याने 'लामा' हेलिकॉप्टर १२,४४२ मीटरवर नेले. उतरताना गोठवणाऱ्या थंडीत इंजिन विझले. बुले केवळ वाऱ्यावर फिरणाऱ्या रोटरच्या भरवशावर सुखरूप जमिनीवर आला. भारतीय लष्कराचे 'चीता' हे त्याच लामाचे भारतात बनलेले रूप.

१२/ २५ मे २०२२ रोजी नाशिकरोडच्या या शाळेतून कॅप्टन अभिलाषा बराक लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक म्हणून बाहेर पडल्या. ऑटोजायरो शिकवणारी हॅनवर्थची शाळा इतिहासजमा झाली. पण सी-४ ने १९२३ मध्ये दाखवलेली गोष्ट प्रत्येक नव्या तुकडीला शिकावी लागते. इंजिन थांबले तरी वारा थांबत नाही, आणि तो वापरता आला तर माणूस जिवंत परततो.