तत्त्वज्ञानाचा पदवीधर आणि लॉ कॉलेजचा बंद दरवाजा

बीएला तत्त्वज्ञान घेतलं की घरीदारी एकच प्रश्न : याचं पुढे काय करणार? मित्रांनो, थरगुड मार्शल यांनी काय केलं ते बघा. १९३० साली ते लिंकन विद्यापीठातून अमेरिकन साहित्य आणि तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाले. घर बाल्टिमोरला, मेरीलँड विद्यापीठाचं लॉ कॉलेजही त्याच शहरात. पण तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. मग रोज रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात. फीसाठी आईने लग्नातली अंगठी गहाण ठेवली. (मेरिटवाले हा हिशेब कधीच मांडत नाहीत.)

हॉवर्ड ही कृष्णवर्णीयांची संस्था. तिथे चार्ल्स ह्यूस्टन यांनी त्यांना घडवलं. वकिली पोटापुरती नाही, समाज बदलण्यासाठी करायची, ही ह्यूस्टन यांची शिकवण. १९३३ ला मार्शल वर्गात पहिले आले.

दोनच वर्षांत गुरु-शिष्य त्याच मेरीलँडविरुद्ध कोर्टात उभे राहिले, डोनाल्ड मरे या विद्यार्थ्यासाठी. युक्तिवाद सरळ होता : राज्यात कृष्णवर्णीयांसाठी लॉ कॉलेजच नाही, मग ‘वेगळे पण समान’ यातलं समान कुठे आहे? तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी शब्द असाच पकडतो. कोर्टाने प्रवेशाचा आदेश दिला, १९३६ ला अपिलातही तो टिकला. मरे १९३८ ला तिथूनच वकील होऊन बाहेर पडले.