डॅशबोर्डातील चौकट : पालघर-बोईसर पट्ट्यातील मोटार-स्टिरिओच्या धंद्याचा इतिहास

पालघर, बोईसर आणि तारापूर हा पट्टा मुळात रेल्वेचा आहे, मोटारीचा नव्हे. ‘बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया’ रेल्वेचा मार्ग १८६४ साली मुंबईला येऊन भिडल्यानंतर केळवे-माहीमची विड्याची पाने, सातपाटीची मासळी आणि पुढे डहाणूचे चिकू हा सारा माल गाडीने बाहेर जाऊ लागला, आणि नोकरीसाठी बाहेर पडणारा माणूसही त्याच गाडीत बसला. मुंबई-अहमदाबाद महामार्ग मनोर आणि चिल्हार फाट्यावरून, म्हणजे लोहमार्गाच्या बराच पूर्वेकडून जातो, त्यामुळे तो किनाऱ्यालगतच्या गावांच्या रोजच्या व्यवहारात कधी फारसा आला नाही. अशा प्रदेशात मोटारीत गाणी वाजवण्याची हौस उशिरा रुजावी, हे स्वाभाविकच होते. ती रुजली त्याचे श्रेय रस्त्यापेक्षा पगाराकडे जाते. तारापूरचे अणुऊर्जा केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले, त्यापाठोपाठ सत्तरच्या दशकात महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर वसाहत बोईसरलगत उभी राहू लागली, आणि या दोहोंमुळे शेती व मासेमारी यांच्या पलीकडचा, दरमहा ठरलेला पैसा या भागात प्रथमच मोठ्या प्रमाणावर आला.

मोटारीतला रेडिओ जगाला तोवर नवा राहिलेला नव्हता. अमेरिकेत पॉल गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाने असा संच बाजारात आणला होता आणि जर्मनीत ‘ब्लाउपुंक्ट’ने १९३२ साली आपला संच काढला होता. भारतात मात्र रेडिओ घरात असो वा गाडीत, त्यासाठी परवाना काढून शुल्क भरावे लागे, आणि हे शुल्क १९८५ साली रद्द झाले. त्यातच प्रीमियर पद्मिनी आणि अ‍ॅम्बॅसॅडर या तत्कालीन मुख्य गाड्या साधारणतः संगीताविनाच विकल्या जात. गाडी घेतल्यावर मालक आपल्या ऐपतीप्रमाणे रेडिओ आणि पुढे कॅसेटचा ‘टेप’ बसवून घेई, आणि हा संच डॅशबोर्डखाली लोखंडी पट्टीच्या आधाराने टांगलेला असे. तेव्हा आजच्या अर्थाने संच ‘बदलण्याचा’ प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण कारखान्याने दिलेले असे काही नव्हतेच.

टांगलेल्या संचातून गाणे स्वच्छ ऐकू यावे यासाठीही कसब लागे. पेट्रोल इंजिनात प्लगमधून ठिणगी पडते तेव्हा तिच्यातून विद्युतलहरी उमटतात आणि मध्यम लहरींवरच्या आकाशवाणीच्या कार्यक्रमात घरघर होऊन मिसळतात. गाडीचा वेग वाढला की घरघरही वाढते. ती दाबण्यासाठी इग्निशन कॉइलला कंडेन्सर, म्हणजे नको असलेल्या लहरी जमिनीकडे वळवणारा छोटा सुटा भाग, जोडावा लागे आणि एरियलचे अर्थिंग घासूनपुसून पक्के करावे लागे. हे काम रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला पुरते जमत नसे आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीलाही नाही. त्या दोघांच्या मधल्या जागेत ‘ऑटो इलेक्ट्रिशियन’ नावाचा कारागीर उभा राहिला.

फिलिप्सने १९६३ साली काढलेली छोटी कॅसेट ऐंशीच्या दशकात भारतात स्वस्त झाली आणि गाडीतल्या संगीताचे स्वरूपच पालटले, कारण आता लागेल ते ऐकण्यापेक्षा हवे ते लावणे शक्य झाले. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि मोटार पगारदाराच्या आवाक्यात येऊ लागली. जपानी संच मात्र आयातबंधने आणि जबर जकात यांमुळे सरळ मार्गाने क्वचितच मिळत. दमणच्या किनाऱ्यावरून चालणारा परदेशी मालाचा चोरटा व्यापार सत्तरच्या दशकात कुप्रसिद्ध होता, आणि दमण व मुंबई यांच्या मधोमध असलेल्या या पट्ट्याला ‘फॉरेनच्या’ वस्तूंचे अप्रूप असले तरी नवल नव्हते. उजळ माथ्याने खरेदी करायची तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑपेरा हाऊसचा बाजार गाठावा लागे. तेथून संच घ्यायचा आणि गावी आणून बसवायचा, असा रिवाज त्यातून पडला.

या धंद्याला खरे वळण दिले ते एका जर्मन मापाने. डॅशबोर्डात संचासाठी १८० मिलिमीटर रुंद व ५० मिलिमीटर उंच चौकट ठेवावी, असे जर्मन मानक संस्थेने ठरवले; पुढे ते आंतरराष्ट्रीय मानक झाले आणि त्याच संस्थेच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘डिन’ म्हणतात. दुप्पट उंचीची चौकट ती ‘डबल डिन’. एकदा भोक एकाच मापाचे झाले म्हटल्यावर कोणत्याही कंपनीचा संच कोणत्याही गाडीत बसू लागला, आणि गाडीचा कारखाना व संचाचा बाजार या दोन गोष्टी एकमेकींपासून मोकळ्या झाल्या. बाहेरून घेतलेल्या संचाचा सारा व्यापार जगभर या चौकटीवर उभा आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

मापाबरोबर तारांचेही रंग ठरत गेले. बाजारातल्या संचाच्या मागे पिवळी तार बॅटरीवरून थेट येते आणि घड्याळ व स्टेशनांची स्मृती जागी ठेवते, लाल तार चावी फिरवल्यावर जिवंत होते आणि काळी अर्थिंगची असते; पुढच्या डाव्या स्पीकरला पांढरी, उजव्याला करडी, मागच्या डाव्याला हिरवी आणि उजव्याला जांभळी. गाडीच्या बाजूचे रंग मात्र प्रत्येक कारखान्याचे निराळे असल्याने मूळ ‘कपलर’, म्हणजे तारांचा गुच्छ एकत्र जोडणारा प्लास्टिकचा जोड, नव्या संचाला लागत नाही. येथे दोन वाटा फुटतात. चांगला कारागीर दोन्हीकडे जुळणारा मधला जोड घालतो आणि मूळ तारांना हात लावत नाही. घाईतला कारागीर कपलर कापून टाकतो, तारा पिळतो आणि चिकटपट्टी गुंडाळतो. पिवळी व लाल यांची अदलाबदल झाली तर गाडी बंद होताच सारी स्टेशने पुसली जातात, आणि दोन्ही तारा बॅटरीवर थेट घेतल्या तर संच चावी काढल्यावरही जागा राहून बॅटरी उतरू शकते. किनाऱ्यावरच्या दमट, खारट हवेत पिळलेले उघडे तांबे लवकर काळवंडते, म्हणून हा आळशीपणा येथे पुण्या-नाशिकपेक्षा लवकर उघडा पडतो. त्यात तारापूर वसाहतीची रासायनिक हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात ही वसाहत ९३.६९ गुणांनिशी देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती.

औद्योगिक वसाहतीमुळे या कामाला आणखी एक शाखा फुटली. रसायने, पोलाद आणि कापड यांची ने-आण करणाऱ्या अवजड मालट्रकांची वीज २४ व्होल्टची असते, तर मोटारीचा संच १२ व्होल्टवर चालतो. यावरचा सरळ उपाय म्हणजे दाब उतरवणारा कन्व्हर्टर. स्वस्त उपाय म्हणजे ट्रकच्या जोडीतल्या एकाच बॅटरीवरून तार घेणे. दुसऱ्या उपायाने गाणे लगेच सुरू होते खरे, परंतु एक बॅटरी सतत जास्त झिजते, तिचा चार्ज अपुरा राहतो, दुसरीला जादा मिळतो आणि शेवटी दोन्ही वेळेआधी बाद होतात. वाचवलेल्या पैशाचा हिशेब मालकाला तेव्हा कळतो.

संचांची किंमत वाढली तशी त्यांची चोरीही वाढली. म्हणून आधी हँडलसकट बाहेर ओढता येणारे आणि नंतर दर्शनी पट्टी काढून खिशात घालता येणारे संच निघाले. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात सीडी मागे पडून पेनड्राइव्ह आले, आणि याच सुमारास महागड्या मॉडेलांमध्ये कारखान्याचाच संच बसवून येऊ लागला. बोलीभाषेत त्याला ‘कंपनी फिटिंग’ म्हणतात. खऱ्या अर्थाने संच बदलणे येथून सुरू झाले. ग्राहक मधले मॉडेल घेई, वाचलेल्या पैशातून बाहेरचा मोठा संच, वूफर आणि अ‍ॅम्प बसवी, आणि हा हिशेब बहुधा त्याच्या फायद्याचाच असे.

कारखान्यांनी याला दिलेले उत्तर परिणामकारक ठरले. त्यांनी चौकोनी चौकट सोडून प्रत्येक मॉडेलला वेगळ्या आकाराचा पडदा दिला आणि स्टिअरिंगवरची बटणे, मागचा कॅमेरा व गाडीच्या काही सेटिंग्ज त्याच पडद्यातून चालवल्या. हे भाग बॉशने १९८६ साली मांडलेल्या ‘कॅन’ या पद्धतीने, म्हणजे एकाच जोडतारेवरून सांकेतिक संदेश पाठवून, एकमेकांशी बोलतात; त्यामुळे संच उपटला की गाण्याबरोबर इतर सोयीही जाण्याचा धोका असतो. बाजाराने त्यावर मॉडेलनिहाय प्लास्टिकच्या चौकटी आणि संदेश उलगडणाऱ्या डब्या आणल्या, तरी जुने स्वातंत्र्य काही परत आले नाही. हे सारे ग्राहकाच्या सोयीसाठी झाले, असे कंपन्या सांगतात. ते अर्धेच खरे मानावे लागते, कारण त्याच पडद्यासाठी ग्राहकाला वरचे मॉडेल घ्यावे लागते.

कायद्याने या बदलाला फारशी आडकाठी केलेली नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलेल अशा फेरफारावर बंधने आहेत, पण त्या प्रमाणपत्रात संगीतसंचाचा उल्लेखच नसतो. कंपनी फिटिंग आणि बाहेरचा संच यांतला भेद आज ठळकपणे उरला आहे तो विम्याच्या कागदात. बाहेरून बसवलेले विद्युत उपकरण गाडीच्या घोषित किमतीत धरले जात नाही. त्याची किंमत स्वतंत्र दाखवून, मोटार विमा दरपत्रकाच्या २४ क्रमांकाच्या पृष्ठांकनानुसार त्या किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता भरला, तरच चोरीत किंवा आगीत त्याची भरपाई मागता येते. म्हणून संच बदलणाऱ्याने पक्के बिल घ्यावे, त्याची नोंद पॉलिसीत करून घ्यावी आणि काढलेला मूळ संच कपलरसकट जपून ठेवावा.