हलणारी शेपटी

१८५८ साली फेलिचे बेआतो दिल्लीत फोटो काढत फिरला, तेव्हा काचेवर चित्र उमटायला काही सेकंद लागत. घुमट, कमानी जागच्या हलत नसत. माणसांना ‘हलू नका’ म्हणता येई. कुत्र्याला कोण सांगणार? शेपटी हलली की तिचा धूर व्हायचा.

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनच्या कोरड्या काचेची कृती मांडली. पुढच्या दहाएक वर्षांत सेकंदाचा अंश पुरू लागला आणि पाळलेला कुत्रा मालकाच्या पायाशी, फोटोत येऊन बसला. रस्त्यावरचा चौकटीबाहेरच राहिला. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार देशी जातींची तिकिटं काढली; त्यांत घोरपड्यांच्या मुधोळचा शिकारी कुत्राही होता. गल्लीतल्याला कुठली आलीय जात?

११ ऑगस्ट २०२५ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरातले भटके कुत्रे उचलून निवाऱ्यांत ठेवायचा आदेश दिला. आमच्या नोएडातल्या गल्लीत त्या संध्याकाळी सगळे मोबाइल घेऊन उतरले. उद्या शोधायची वेळ आली तर ओळख पटवायला फोटो हवा. २२ तारखेला आदेश सौम्य झाला. नसबंदी आणि लसीकरणानंतर बहुतेकांना मूळ जागी सोडायचं ठरलं.

फोटो अजून माझ्याकडे आहेत. उजेड कमी होता, निम्मे हललेले. पण कुठला धूर कोणाच्या शेपटीचा, ते गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल.