ट्वीड खोऱ्यातील माउंटन बायकिंग

स्कॉटलंडच्या आग्नेय भागात ट्वीड नदीच्या वरच्या खोऱ्यात विकसित झालेले डोंगरी सायकलिंगचे क्षेत्र. पीबल्स आणि इनरलीदन ही त्याची दोन मुख्य गावे. पीबल्स एडिंबरोच्या दक्षिणेस सुमारे ३५ किमी. वर असून इनरलीदन तेथून नदीच्या प्रवाहाबरोबर पूर्वेस सुमारे १० किमी. वर आहे. या खोऱ्यात तीन काळांत तीन प्रकारचे मार्ग तयार झाले. डोंगरमाथ्यांवरून गुरे हाकण्याच्या वाटा गेल्या, एकोणिसाव्या शतकात नदीकाठाने लोहमार्ग आला आणि विसाव्या शतकात उतारांवर लागवडीची जंगले व त्यांतले वनरस्ते झाले. आजचे सायकलमार्ग मुख्यतः या तीन थरांच्या आधाराने आखलेले आहेत.

भूरचना : ट्वीड नदी मॉफट गावाच्या उत्तरेस डोंगराळ भागात उगम पावते. क्लाइड आणि ॲनन या नद्यांचे उगमही तेथून जवळच आहेत. सुमारे १५६ किमी. वाहून ती बेरिक-अपॉन-ट्वीड येथे उत्तर समुद्राला मिळते. शेवटच्या टप्प्यात काही अंतर ती स्कॉटलंड व इंग्लंड यांची सरहद्द असून तिचे मुख इंग्लंडमध्ये आहे. खोऱ्याभोवतीचे डोंगर ग्रेवॅक व शेल या जुन्या गाळखडकांचे आहेत. हिमयुगात बर्फाने घासून त्यांचे माथे गोलसर केले. त्यामुळे येथे सह्याद्रीसारखे उभे कडे क्वचितच आढळतात; उतार तीव्र असले तरी सलग आहेत. पीबल्सजवळच्या ग्लेनट्रेस जंगलामागील डन्स्लेअर हाइट्स (६०२ मी.) आणि दक्षिण तीरावरील मिंच मूर (५६७ मी.) हे माथे नदीपात्रापासून चारशे मीटरहून अधिक उंच आहेत. अशा डोंगरावर एकदा चढून गेले की सायकलस्वाराला न थांबता लांबवर उतरता येते.

ऐतिहासिक परिसर : स्कॉटलंड-इंग्लंड सरहद्दीच्या या मुलखात सोळाव्या शतकाअखेरपर्यंत गुरे पळवणाऱ्या टोळ्यांचा उपद्रव होता. त्यांच्यापासून बचावासाठी जाड भिंतींचे उंच, चौकोनी मनोरे बांधले गेले. हल्ल्याची सूचना मनोऱ्यावर जाळ करून शेजारच्या मनोऱ्याला दिली जाई. पीबल्सजवळ ट्वीडच्या वळणावर उभा असलेला नीडपाथ किल्ला आणि एलिबँक किल्ल्याचे अवशेष ही त्या काळाची ठळक ठिकाणे होत.

इनरलीदनसमोर, नदीच्या दक्षिणेस ट्राक्वेर हाउस आहे. स्कॉटलंडमध्ये सर्वांत दीर्घकाळ अखंड वस्ती असलेले घर म्हणून ते ओळखले जाते. १७४५ मध्ये स्ट्युअर्ट घराण्याचा राजपुत्र चार्ल्स येथून गेल्यावर घराचे मुख्य फाटक बंद करण्यात आले आणि स्ट्युअर्ट राजा गादीवर आल्याखेरीज ते उघडायचे नाही असे ठरले, अशी परंपरागत कथा आहे. अस्वलांच्या दगडी मूर्ती असलेले हे फाटक आजही बंदच असते.

ट्राक्वेरहून मिंच मूरवर चढणारी वाट मध्ययुगापासून वापरात आहे. १३ सप्टेंबर १६४५ रोजी फिलिपहॉच्या लढाईत पराभूत झालेला राजपक्षाचा सेनानी माँट्रोझ याच डोंगरावरून निसटला. या वाटेवर ‘चीज वेल’ नावाचा झरा आहे. डोंगर सुखरूप ओलांडता यावा म्हणून वाटसरू पऱ्यांसाठी येथे चीजचा तुकडा ठेवीत. झऱ्याशी नाव कोरलेले दगड असून त्यांच्यापाशी आता बहुधा नाणी दिसतात. १९८४ मध्ये खुला झालेला ‘साऊदर्न अपलँड वे’ हा किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंतचा पायी मार्ग येथूनच जातो.

खोऱ्यात आणखी पूर्वेला, मेलरोझ येथे राजा पहिला डेव्हिड याने ११३६ मध्ये स्थापन केलेला सिस्टर्शियन मठ आहे. जवळच कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याचे ॲबट्सफर्ड हे निवासस्थान आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या, विशेषतः ह. ना. आपटे यांच्या संदर्भात ज्याचे नाव घेतले जाते तो हाच स्कॉट.

मार्गांचा विकास : पहिल्या महायुद्धातील लाकूडटंचाईनंतर १९१९ मध्ये ब्रिटनमध्ये फॉरेस्ट्री कमिशनची स्थापना झाली. ग्लेनट्रेस हे त्यानंतर लवकरच लागवडीखाली आलेल्या जंगलांपैकी एक. इमारती लाकडासाठी लावलेल्या सूचिपर्णी झाडांमधून तोडणीचे रस्ते काढले गेले. १९९० च्या दशकाअखेरीस या रस्त्यांना जोडून अरुंद, एकेरी सायकलवाटा बांधण्यास सुरुवात झाली. २००१ मध्ये ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकताची मोठी साथ आली व ग्रामीण पर्यटन ठप्प झाले. त्या सुमारास दक्षिण स्कॉटलंडमधील जंगलांत ‘सेव्हन स्टेन्स’ ही सायकल केंद्रांची साखळी उभारण्यात आली. ग्लेनट्रेस व इनरलीदन ही तिच्यातील महत्त्वाची केंद्रे आहेत.

बांधीव वाटेचे तंत्र मुख्यतः पाण्याच्या निचऱ्यावर बेतलेले असते. पावसाळी हवामानात नुसती मातीची वाट चाकांनी उकरली जाऊन तिचा ओहोळ होतो. म्हणून वाट उताराला आडवी धरतात, तिच्यावर खडीचा थर दाबून बसवतात आणि ठरावीक अंतरावर तिला किंचित खोलगट करून पाणी बाजूला काढून देतात. वळणावर बाहेरच्या अंगाने मातीचा बांध उचलतात. त्याला ‘बर्म’ म्हणतात. बर्मवर टायर जवळजवळ काटकोनात टेकत असल्याने सायकल घसरत नाही आणि ब्रेक न लावता वळण घेता येते. सर्वांनी वळणावरच ब्रेक दाबले तर तेथील खडी उखडून खड्ड्यांची मालिका तयार होते. त्यामुळे वेग वळणाच्या आधीच कमी व्हावा अशी आखणी करतात.

मुख्य मार्ग : ब्रिटनमधील पद्धतीनुसार मार्गांची काठिण्यपातळी रंगांनी दाखवतात. हिरवा सोपा, निळा मध्यम, लाल अवघड व काळा अतिशय अवघड. ग्लेनट्रेसमध्ये हे चारही प्रकार असल्याने लहान मुलांपासून निष्णात स्वारांपर्यंत सर्व तेथे येतात. इनरलीदनचे जंगल त्या मानाने खडतर आहे. तेथे डाउनहिल, म्हणजे केवळ तीव्र उतारावरील सायकलिंग, हा प्रकार रुजला. सायकली ट्रेलरवर लादून गाडीने माथ्यावर नेण्याची सोय आहे. तिला ‘अपलिफ्ट’ म्हणतात. इनरलीदनचा लाल मार्ग मात्र चढाचाही कस पाहतो. तो मिंच मूरच्या माथ्याकडे जाऊन ‘कॅडन बँक’च्या उतारावरून खाली येतो. गावाच्या उत्तरेस, गोल्फ मैदानामागील डोंगरावर ‘गोल्फी’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अरुंद, मुळांनी भरलेल्या नैसर्गिक वाटा आहेत. त्या स्थानिक हौशी स्वारांनी हाताने काढल्या.

नदीकाठचा मार्ग याच्या अगदी उलट आहे. पीबल्स-गॅलाशील्स लोहमार्ग १९६२ मध्ये बंद पडला. त्याच्या पीबल्स ते इनरलीदन या भागावर आता डांबरी सायकलमार्ग आहे. रुळांसाठी केलेला मंद चढ, जुने पूल आणि कार्ड्रोना येथील स्थानकाची इमारत त्यावर टिकून आहे. ग्लेनट्रेस व इनरलीदन ही डोंगरातील दोन्ही केंद्रे मोटारीवाचून जोडण्याचे काम हाच मार्ग करतो.

स्पर्धा : एंड्युरो या प्रकारात चढाला वेळ मोजत नाहीत, केवळ उताराचे टप्पे मोजतात. ट्वीड खोऱ्याची रचना त्याला सोयीची आहे. एंड्युरो वर्ल्ड सीरीजच्या फेऱ्या येथे २०१४, २०१५ व २०२२ मध्ये झाल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये ग्लासगो व स्कॉटलंडमधील इतर ठिकाणी सायकलिंगच्या अनेक प्रकारांची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एकत्र भरली. त्यातील क्रॉस-कंट्रीच्या शर्यती ग्लेनट्रेसला झाल्या. ऑलिंपिक क्रॉस-कंट्रीत पुरुषांत ब्रिटनचा टॉम पिडकॉक आणि महिलांत फ्रान्सची पोलीन फेराँ-प्रेव्हो विजेते ठरले.

कायदा व समस्या : ‘लँड रिफॉर्म (स्कॉटलंड) ॲक्ट, २००३’ या कायद्याने बहुतेक मोकळ्या जमिनीवर व जलाशयांवर जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला. सायकलचाही त्यात समावेश आहे. इंग्लंडमध्ये सायकलस्वाराला मुख्यतः नेमून दिलेल्या मार्गांवरच जाण्याचा हक्क असतो. या फरकामुळे सरहद्दीच्या उत्तरेस डोंगरी सायकलिंगला मोकळे क्षेत्र मिळाले. तथापि वावरण्याच्या हक्कात नवी वाट खोदण्याचा हक्क येत नाही. परवानगीविना काढलेल्या वाटांमुळे धूप, वृक्षतोडीत अडथळा आणि अपघाताची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न उभे राहतात. यावर तोडगा म्हणून ट्वीड व्हॅली ट्रेल्स असोसिएशनचे स्वयंसेवक वनखात्याशी सहमती करून काही वाटांची डागडुजी करतात.

जंगल हे मुळात लाकडाचे पीक असल्याने तोडणीच्या काळात मार्ग बंद ठेवावे लागतात. लार्च वृक्षांवरील ‘फायटॉप्थोरा रॅमोरम’ या रोगामुळे मुदतीआधीच तोडणी करावी लागते. नोव्हेंबर २०२१ मधील ‘अरवेन’ वादळात खोऱ्यातील असंख्य झाडे उन्मळून पडली व अनेक वाटा त्यांच्याखाली गाडल्या गेल्या. काही वाटा साफ करण्यात आल्या. काहींच्या भोवतीचे जंगलच उरले नसल्याने त्या नव्याने आखाव्या लागल्या.