पांझरेचा पाटकरी घड्याळ पाहत नसे

पांझरा, मोसम आणि आरम या तापी खोऱ्यातल्या नद्यांवर बंधारे घालून सामूहिक सिंचन करण्याची फड पद्धत किमान तीनशे वर्षांची आहे. गावकीच्या एकोप्याचा नमुना म्हणून तिचे गोडवे गायले जातात, ते रास्तच. पण साक्री-धुळे पट्ट्यातल्या या बंधाऱ्यांनी आणखी एक अवघड प्रश्न सोडवला होता. शेकडो वाफे एकाच पाटावर अवलंबून, आणि प्रत्येकाच्या तहानेची खबर कच्ची. मग पाणी वळवायचे केव्हा? फडाचे उत्तर होते, घटना घडली की. शेतकरी स्वतः दारे धरत नसे, ते काम पाटकऱ्याचे. चारीतून सारंगात, म्हणजे शेतातल्या लहान पाटात, आणि सारंगातून वाफ्यात पाणी घेऊन तो उभा राही. वाफा टोकापर्यंत भिजला की फावड्याने पुढचे तोंड फोडी आणि मागचे बुजवी. क्रम ठरलेला असे, वेळ नसे. भेगाळलेली काळी जमीन जास्त पाणी पिई, हलकी लवकर भरे, आणि पाटातला प्रवाहही रोज सारखा नसे. हे सारे हिशेब वाफा भिजल्याची ती एकच खूण सांभाळून घेई.

कोणी म्हणेल, नजरेचा अंदाज चुकतो आणि ‘माझे सुकले’ ही ओरड तर प्रत्येकाचीच. खरे आहे, आणि पद्धतीची खरी हुशारी इथेच दिसते. लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडून एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, हा नियम फेरपालटासाठी होता असे सांगतात. माझ्या मते त्याचा तितकाच मोठा उपयोग खबर स्वच्छ करण्याचा होता. शेजारचे पीकही त्याच जातीचे, त्याच वयाचे असले की एकाची खोटी ओरड लगेच उघडी पडते. शिवाय पाणी सोडणारा पाटकरी, राखण करणारा जागल्या आणि दोघांवरचा हवालदार वेगवेगळे. म्हणजे पाणी वळवण्याचा निर्णय गरजवंताच्या हाती नाही.

सरकारी कालव्यांवर पुढे शेजपाळी ही पाणीवाटपाची पद्धत आली, तीत पाण्याची तारीख आधी ठरते. पांझरेवरच दातर्तीला 1884 मध्ये नळांचा सायफन बांधणाऱ्या विश्वेश्वरय्यांनी नंतर नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत मांडली. तिच्यातली पिकांची गटवारी फडाशी मिळतीजुळती आहे. मोठ्या कालव्याला तारीख लागते हा आक्षेप मान्य करायला हवा: पन्नास मैलांवरचा वाफा भिजल्याची वर्दी मुखाशी पोचेपर्यंत पाणी वाया गेलेले असते. पण तो दोष वर्दीच्या वेगाचा आहे, तत्त्वाचा नाही. त्या तत्त्वाला गणिताचाही आधार आहे: 1999 मध्ये नियंत्रणशास्त्राचे अभ्यासक कार्ल योहान ओस्त्रोम आणि बो बर्नहार्डसन यांनी गणिताने दाखवले की अगदी साध्या, यदृच्छेने भरकटणाऱ्या प्रणालीत ठरल्या ठोक्याऐवजी मर्यादा ओलांडल्यावरच दुरुस्ती केली, तर तितक्याच सरासरी खेपांत विचलनाच्या वर्गाची सरासरी एक तृतीयांशावर येते.

फड मोडकळीला आला तो मात्र या तत्त्वामुळे नव्हे. वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, आणि ज्याच्या विहिरीला पाणी त्याने वेगळे पीक घेतले. एका फडात चार पिके उभी राहिली, की एकाची तहान शेजाऱ्याच्या पिकावरून पडताळण्याची सोयच संपते.