पॅरिसचा गज, मुंबईचा हात

वराळ्याच्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागून चालते. कानाला सवय तिचीच. त्यामुळे सेझार फ्रांकचा व्हायोलिन आणि पियानोचा सोनाटा प्रथम ऐकला, तेव्हा शेवटच्या भागात मी गोंधळलो. तिथे चाल पियानो सुरू करतो आणि व्हायोलिन जरा मागे राहून तीच चाल उचलतं. मग साथ कोण कोणाची करतंय?

लिएजमध्ये जन्मलेल्या, पण पॅरिसचा झालेल्या फ्रांकने हा सोनाटा १८८६ मध्ये व्हायोलिनवादक युजीन इझाईला लग्नाची भेट म्हणून दिला. त्याआधी फोरे, नंतर द्युबुसी आणि राव्हेल. द्युबुसीने १९१७ च्या मे महिन्यात, कर्करोगाने खंगलेला असताना, आपल्या सोनाट्याच्या पहिल्या प्रयोगाला स्वतः पियानो वाजवला.

‘हे आपलं नव्हे,’ असं मला गावात एकाने ऐकवलं. तो राग मनात ठेवूनच मी शोधाला लागलो, हे कबूल करतो. हाती लागली ती गुरुपरंपरा.

येहुदी मेनुहिनने आत्मचरित्रात सांगितलेला प्रसंग पाहा. पॅरिसमध्ये जॉर्ज एनेस्कुकडे त्याची शिकवणी चालली असताना राव्हेल नव्या सोनाट्याची हस्तलिखित प्रत घेऊन आत आला. प्रकाशकांना तो तातडीने ऐकवायचा होता. एनेस्कुने मुलाची परवानगी मागितली, राव्हेलबरोबर एकदा पाहून वाजवला आणि दुसऱ्यांदा प्रत मिटून, तोंडपाठ! आपल्याकडे अशी गोष्ट खाँसाहेबांच्या नावावर सांगितली जाते, आणि आपण निम्मीच खरी धरतो. इथे मात्र साक्षीदार अकरा वर्षांचा शिष्य होता. ३० मे १९२७ रोजी एनेस्कु आणि राव्हेल यांनी तो सोनाटा पॅरिसमध्ये जाहीरपणे सादर केला. त्याच मेनुहिनने १९५२ मध्ये नेहरूंच्या निमंत्रणावरून भारताचा दौरा केला, मुंबईतही वाजवलं.

दुसरी वाट अधिक जवळची. मुंबईच्या मेहली मेहतांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला. (त्यांचे चिरंजीव झुबिन सगळ्यांना माहीत, वडिलांचं नाव मात्र आपण मुलाच्या ओळखीतच घेतो.) स्वतःचा वाद्यवृंद असलेला हा माणूस १९४५ मध्ये, सदतिशीच्या सुमारास, पुन्हा शिष्य झाला. न्यूयॉर्कला इव्हान गलामियन यांच्याकडे गेला. गलामियन तरुणपणी पॅरिसमध्ये ल्युसियाँ कापे यांच्याकडे शिकले होते, आणि कापे म्हणजे गजाचे शास्त्री: गज कुठून उचलायचा, किती वापरायचा, दाब कुठे बदलायचा, यावर त्यांनी आख्खा ग्रंथ लिहिला होता.

कापे, गलामियन, मेहता. घराणं सांगायला आपल्याला तीन पिढ्या लागतात. इथे त्या भरतात. नोटेशन छापून कुठेही पाठवता येतं. मनगट कसं वळवायचं ते समोर बसूनच घ्यावं लागतं, आणि मेहली मेहता त्यासाठीच मुंबई सोडून चार वर्षं परदेशी बसले.

परतल्यावर त्यांना ही मुंबई फार काळ धरून ठेवता आली नाही. १९५५ मध्ये ते मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्रात रुजू झाले.